एक फूल आणि तीन गिऱ्हाईकं! गॅलरीतली फुलं, मोबाईलचे फोटो, बायकोचं क्राफ्ट... मदत हवीय

शिफ्टवाला_पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, तिसरा मजला, गॅलरी पूर्वेला, समोर रस्त्यावरचा मोठा दिवा. कंपनी अंबडला. नाईट शिफ्ट असली की सकाळी सातला घरी टेकतो आणि झोपायच्या आधी थोडा वेळ गॅलरीत काढतो, तेवढाच आपला विरंगुळा. मोगरा आहे, लाल आणि पिवळी जास्वंद आहे, गोकर्ण ग्रिलवर चढवलीय, सदाफुली तर आपोआप उगवते, शेवंती, एक गावठी गुलाब, आणि खाली सोसायटीच्या गेटपाशी प्राजक्त आणि बकुळ, त्यांचा सडा फुकट.

आता भानगड अशी की फूल एक आणि गिऱ्हाईकं तीन. आईला देवाला पाहिजे, तेही ताजं, कुणी हुंगलेलं नको. बायकोला गेल्या वर्षापासून फुलं वाळवून कार्डं, बुकमार्क करायचा नाद लागलाय आणि आता दिवाळीला आकाशकंदील करायचं डोक्यात आहे, तिला ते अख्खं आणि न चुरगळलेलं पाहिजे. आणि मला ते झाडावरच राहू दे असं वाटतं कारण मला फोटो काढायचाय. परवा पिवळी जास्वंद मस्त उमलली होती, मी बूट काढून आत येईपर्यंत फूल देव्हाऱ्यात! बोलता येत नाही काही.

तर विचारायचं हे की, एक म्हणजे शेवंतीला गेल्या वर्षी नुसती पानंच पानं, दिवाळी झाली तरी कळी नाही, नर्सरीवाला म्हणतो ऊन कमी पडतं पण ऊन भरपूर आहे हो. दुसरं, उन्हाळ्यात मोगऱ्याचे जेवढे फोटो काढले त्यात पाकळ्या दिसतच नाहीत, पांढरा डाग दिसतो, आणि लाल जास्वंदीचा लाल डाग. तिसरं बायकोचं, पुस्तकात ठेवलेली फुलं तपकिरी पडतात, पावसाळ्यात तर बुरशी आली. आणि जाता जाता, रविवारी अंजनेरीच्या डोंगरावर जायचा विचार आहे, तिथली रानफुलं वाळवायला आणली तर टिकतील का? कारण सध्या सगळं पिवळं झालंय म्हणे वर.


खडूस_नाशिककर

चौथं गिऱ्हाईक राहिलं. माकडं. आमच्याकडे सोमेश्वर साईडला या, जास्वंद खाऊन जातात, ना फोटो ना देव.


कुंडीवाले_काका

शिफ्टवाले भाऊ, तुमच्या शेवंतीचं उत्तर तुम्ही पहिल्याच ओळीत लिहून मोकळे झालात, समोरचा रस्त्यावरचा दिवा! उन्हाचा प्रश्न नाही, अंधाराचा आहे. शेवंतीला दिवस लहान आणि रात्र मोठी झालेली कळली की मगच ती कळी धरते, म्हणून तर ती दसरा-दिवाळीच्या पुढे फुलते. आता रात्रभर समोर दिवा जळत असेल तर झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही, ते बिचारं पानं काढत बसतं. हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाही, शेवंती पिकवणारे पॉलिहाऊसवाले हीच गोष्ट पैसे कमवायला वापरतात, फुलं उशिरा हवी असतील तर रात्री बल्ब लावतात आणि लवकर हवी असतील तर काळं कापड ओढतात.

तुम्ही असं करा, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कुंडी उचलून अशा ठिकाणी ठेवा जिथे रात्री उजेडच येणार नाही, गॅलरीच्या भिंतीआड, बाथरूमच्या पॅसेजमध्ये, कुठेही. जागा नसेल तर टीव्ही-फ्रिजचा खोका उलटा घाला, पण खाली हवेला फट ठेवा नाहीतर पानं कुजतात. सकाळी तुम्ही ड्युटीवरून आलात की काढा. हे रोज, कळ्यांना रंग दिसेपर्यंत, एक दिवस केलं दोन दिवस विसरलं असं चालत नाही. आणि आता शेंडे अजिबात खुडू नका. शेंडे खुडून झाड भरदार करायचं ते आषाढ-श्रावणात, आता खुडलात तर कळीच खुडली जाईल. पितृपक्षात सुरुवात केली तर दिवाळीला फूल मिळेल अशी आशा ठेवू नका, त्याला कळी धरल्यापासून दोन महिने लागतात, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईंना घरची शेवंती नक्की मिळेल.

मोगऱ्याचं आताच सांगून ठेवतो कारण नंतर कुणी विचारत नाही आणि मार्चमध्ये सगळे रडत येतात. डिसेंबरपासून पाणी कमी करा, अगदी माती कोरडी पडू द्या, पानं गळाली तरी घाबरू नका. जानेवारी संपता संपता छाटणी, उरलेली पानंही काढून टाका, वरची माती दोन बोटं उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि मग पाणी सुरू. मोगरा नव्या फुटीवरच फुलतो, जुन्या काडीवर नाही. प्रत्येक बहर गेला की फुलाच्या खालचा शेंडा छाटत राहा, पुन्हा फूट येते. आपल्याकडची काळी माती कुंडीत भरली असेल तर ती काढा, पाणी धरून ठेवते आणि मुळं सडतात, लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट असं मिश्रण बरं.

आणि तुमच्या भांडणाबद्दल. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी टपोऱ्या झाल्या की तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, रात्रीत उमलतात, सकाळी आईंच्या तबकात ताजी फुलं. झाडावर दोन-चार ठेवा फोटोला. जास्वंदीवरून तर भांडूच नका, ती तोडली काय न तोडली काय, एक दिवसाची पाहुणी, आणि तोडलेली जास्वंद पाण्याशिवायही दिवसभर उमललेलीच राहते. मग आधी तोडा, खिडकीत धरून फोटो काढा आणि तसंच देवाला द्या. फोटोने फूल उष्टं होत नाही, फक्त हुंगू नका.


शिफ्टवाला_पाथर्डीफाटा

काका, दिव्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! महापालिकेला दिवा काढा म्हणून अर्ज करणार होतो वेगळ्याच कारणासाठी, डोळ्यावर येतो म्हणून. जास्वंदीला पांढरा कापूस लागतोय हल्ली, तो काय?


कुंडीवाले_काका

पिठ्या ढेकूण. मुंग्या दिसत असतील बघा सोबत. जोराच्या पाण्याने धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब भांडी घासायचं लिक्विड, संध्याकाळी फवारा, उन्हात नाही, पानं करपतात. आठवड्याने परत. पानाच्या खालून मारा, वरून मारून काही होत नाही.


मॅक्रोचा_किडा

फोटोचं मी बोलतो. भाऊ तुम्ही सकाळी सातला घरी येता आणि गॅलरी पूर्वेला, लोक या उजेडासाठी अलार्म लावून उठतात.

पांढऱ्या फुलाचं गणित समजून घ्या. मोबाईल आख्ख्या चौकटीतला उजेड बघून सरासरी काढतो. मोगरा केवढा, आणि मागे गडद हिरवी पानं केवढी, मोबाईलला वाटतं सीन काळोखा आहे म्हणून तो उजेड वाढवतो आणि त्यात पाकळ्या जळून जातात. एकदा जळाल्या की नंतर एडिटिंगमध्ये परत येत नाहीत, तिथे माहितीच नसते. म्हणून फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल, पाकळीची कड आणि घडी दिसायला लागली की थांबा. मागची पानं काळी झाली तर अजून छान, पांढरं फूल उठून दिसतं.

लाल जास्वंदीचं दुखणं वेगळं. तिथे लाल रंग एकटाच काठोकाठ भरतो आणि शिरा, सुरकुत्या सगळं त्यात बुडतं. उपाय तोच, उजेड खाली ओढा, पण शिवाय तिला कधीही भर उन्हात काढू नका, सावलीत किंवा ढगाळ हवेत काढा. किंवा उलटं करून बघा, सूर्य फुलाच्या मागे ठेवा आणि तुम्ही समोरून, पाकळीतून उजेड आरपार येतो तेव्हा जास्वंदीच्या शिरा अशा काही दिसतात की बस. सातच्या उन्हात हे तुमच्या गॅलरीत सहज जमेल, नऊनंतर विसरा.

पोर्ट्रेट मोड फुलाला वापरू नका, तो पाकळ्यांच्या कडा आणि मधला तुरा कापून टाकतो. त्यापेक्षा दोन पट-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर मागे सरका आणि ती वापरा, आणि फुलाच्या मागे जितकी मोकळी जागा तितकं मागचं धूसर. काळी पार्श्वभूमी हवी तर कुंडी गॅलरीच्या दारात उंबऱ्यावर ठेवा, घरातला लाईट बंद, पडदे बंद, तुम्ही गॅलरीत उभं राहून आत बघत फोटो काढा. खोलीचा अंधार म्हणजे फुकटचा स्टुडिओ. दुसऱ्या बाजूला सावली जास्त पडली तर एक पांढरा ड्रॉइंग पेपर धरायला सांगा कुणालातरी, वहिनींना सांगू नका त्या आधीच चिडलेल्या असतील. तिसऱ्या मजल्यावर वारा असणारच, कपड्यांचा चिमटा एका काठीला बांधा, काठी कुंडीत खोचा, चिमट्यात देठ. गोकर्णीचा निळा मोबाईलमध्ये जांभळा येतो ना? ते मोबाईल स्वतःच रंग ठरवतो म्हणून, प्रो मोडमध्ये व्हाईट बॅलन्स हाताने सेट करा.

आता अंजनेरी. हे जरा कडक लिहितो, राग मानू नका. तिथून एकही फूल आणायचं नाही. अंजनेरी वनखात्याचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि ते उगाच नाही केलेलं. तिथे एक कंदीलपुष्प आहे, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका, नावातच आपला डोंगर. २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि ते अत्यंत दुर्मिळ आहे. जमिनीत कंद असतो, पावसाळ्यात वर येतं, गवतात इतकं मिसळलेलं असतं की पायाखाली गेलं तरी कळत नाही. त्याचं फूल खरंच कंदिलासारखं, आत नळी, नळीत खाली वळलेले केस. वासाने छोटी माशी आत शिरते आणि केसांमुळे बाहेर येता येत नाही, अडकून पडते, मग केस सुकले की सुटते, अंगावर पराग घेऊन, आणि दुसऱ्या फुलात जाऊन परत अडकते. माशीला अक्कल नाही म्हणून झाडाचं चाललंय! अशा झाडाचं एक फूल तोडलं म्हणजे त्या वर्षीच्या बियाच गेल्या समजा.

तुम्ही म्हणताय ते पिवळं म्हणजे सोनकी, ती भरपूर असते, तेरडाही असतो, पण तिथे उभं राहून ही भरपूर आणि ती दुर्मिळ असा निवाडा आपण करू नये. कॅमेरा घेऊन जा, जाम मजा येईल. पायवाटेवरूनच काढा, फोटोसाठी गवतात आडवे पडणारे लोक तोडणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात. आणि चुकून कंदीलपुष्प दिसलंच तर फोटो टाका पण जागा टाकू नका, मोबाईलचं लोकेशन बंद करूनच टाका.


शिफ्टवाला_पाथर्डीफाटा

राग कसला, बरं झालं विचारलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग मला घरचं तरी तोडू द्या.


कागदपाकळी

वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांची बाजू घ्यायला मी आले आहे. कॉलेज रोडला राहते, फुलं वाळवायचंच काम करते, ऑर्डरीही घेते.

फूल तपकिरी पडतं कारण ते हळूहळू वाळतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं तोच प्रकार, पाकळीतला रस हवेला लागतो आणि रंग बदलतो, त्यामुळे जितक्या लवकर पाणी काढाल तितका रंग वाचतो. आणि पुस्तकात ठेवलं की माणूस विसरतो, तिथेच सगळं बिघडतं. वर्तमानपत्राचा किंवा टीपकागदाचा जाड थर, मध्ये फुलं एकमेकांना न चिकटता, वर पुन्हा थर, त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा. दुसऱ्या दिवशी कागद बदलायचाच बदलायचा, पहिल्या दिवशीच सगळ्यात जास्त पाणी निघतं. मग दोन-तीन दिवसांनी बदलत राहा, दोन-तीन आठवड्यांत कागदासारखं कडक होतं. पावसाळ्यात बदलायचे कागद आधी इस्त्रीने कोरडे करून घ्या, बुरशी येणार नाही. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो पाणी पीत नाही.

फूल तोडायची वेळ हा खरा मुद्दा. फोटोवाल्यांना दवबिंदू पाहिजेत आणि मला दव अजिबात नको. म्हणजे तुमच्या घरात भांडण व्हायचं कारणच नाही ना! सातला तुम्ही फोटो काढाल, दव नऊ-दहाला उडून जातं, मग वहिनींनी तोडायचं, दुपारी कोमेजायच्या आत. पाणी घातल्या घातल्या तोडू नका, सकाळी झाडावर शिंतोडे उडवून फोटो काढणाऱ्यांना त्या दिवशी क्राफ्ट बंद.

कुठलं फूल ते पण बघा. सदाफुली एक नंबर, चपटी, पटकन वाळते. गोकर्णीचा निळा बऱ्यापैकी टिकतो, उलटी ठेवून पाकळी बोटाने पसरवायची. पिवळा आणि केशरी रंग सगळ्यात टिकाऊ, म्हणून झेंडू आणि शेवंती, पण अख्खी नाही, पाकळ्या सुट्या करून. लाल गुलाब वाळला की काळपट मरून होतो, तो तसाच छान दिसतो, लाल राहील म्हणून वाट बघू नका. जास्वंद दाबायला वाईट, चिकट असते, कागद सोडत नाही, ती आईंनाच देऊन टाका. मोगरा दाबू नका, कितीही जपा तपकिरी होणार. त्याला ओलावा शोषणारं सिलिका जेल लागतं, साखरेएवढ्या बारीक कणांचं, हवाबंद डब्यात फूल त्यात हळूच पुरायचं, आठवड्याभरात आकारासकट वाळतं, तेही शुभ्र नाही राहत, हस्तिदंती होतं. सिलिकाचे कण रंगीत येतात, रंग बदलला की ओलावा भरला समजायचं, गरम करून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नका करू. निळे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, नारंगी घ्या. फुलांच्या जोडीला पानं विसरू नका हं, कोथिंबिरीचं पान, लाजाळू, नेचा, कार्डावर फुलापेक्षा पानंच जास्त देखणी दिसतात असं माझं मत.

आकाशकंदिलाला दोन बटर पेपरच्या मध्ये वाळलेली फुलं ठेवायची, फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून मऊ ब्रशने आतून बाहेर हात फिरवत चिकटवायचं, वाळला की पारदर्शक होतो आणि आत दिवा लावला की फुलांच्या सावल्या पडतात. पण आत एलईडीच, साधा बल्ब नको, तापतो. आणि पणतीवर वाळलेली फुलं चिकटवू नका प्लीज, सोशल मीडियावर खूप दिसतं, वाळलेली पाकळी म्हणजे काडेपेटीच. करायचंच असेल तर काचेच्या ग्लासला बाहेरून लावा आणि आत पणती खोल ठेवा.


खडूस_नाशिककर

आणि रेझिन? हल्ली प्रत्येक प्रदर्शनात फुलं प्लास्टिकमध्ये गाडून विकतात. फूल कुजतं म्हणून तर ते फूल आहे. पाचशे रुपयांची कीचेन घेतली होती, सहा महिन्यांत पिवळी.


कागदपाकळी

पिवळी पडली कारण उन्हात राहिली असेल, गाडीच्या चावीला होती ना? ऊन लागलं की इपॉक्सी, म्हणजे हेच रेझिन, पिवळं पडतंच, चांगल्या प्रतीचं असलं तर जरा उशिरा. तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, मी पण रेझिन कमी केलंय, वास उग्र असतो, हातमोजे, मास्क, खिडक्या उघड्या हे सगळं लागतं आणि घरात लहान मूल असेल तर मी नको म्हणते. पण लग्नातल्या हारातलं फूल जपून ठेवायला लोकांना दुसरं काही पटत नाही, त्याला काय करणार. ज्यांना करायचंच आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा, फूल शंभर टक्के कोरडं पाहिजे, जरा जरी ओलं असलं तर आतच तपकिरी होतं आणि बुडबुडे धरतं, आणि रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचं माप डब्यावर लिहिलंय तेवढंच, अंदाजपंचे नाही, नाहीतर चिकटच राहतं.


गंगेवरची

मी पंचवटीतली, माहेर-सासर दोन्ही गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठाला, त्यामुळे मी आईंच्या बाजूने. देवाला फूल पाहिजे यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं हो? नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे ते काय क्राफ्टसाठी?

पण गेटपाशी प्राजक्त आहे म्हणताय आणि भांडता कशाला, हे मला कळलं नाही. प्राजक्त रात्री उमलतो आणि पहाटे स्वतःच खाली येतो, खाली पडलेलं फूल देवाला चालतं असं ते एकच. रात्री झाडाखाली जुनी धुतलेली साडी पसरून ठेवा, सकाळी आईंना परडीभर. आणि त्याचे केशरी देठ फेकू नका, वहिनींना सांगा सुटे करून सावलीत वाळवा, पाण्यात उकळले की सुंदर केशरी-पिवळा रंग उतरतो, रुमाल रंगवून बघा. पूर्वी कापडाला हाच रंग द्यायचे. बकुळीचं तर काय विचारता, फुलाला मधे भोकच असतं, सुई-दोऱ्यात नुसतं ओवायचं, गाठ मारायची गरज नाही, आणि सुकली तरी वास जात नाही. माझ्या आजीच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत बकुळीचे सर असायचे. वहिनींनी ते करावं, कशाला वरवंटे ठेवत बसायचं.

रंगावरून आठवलं, आपल्या नाशिकच्या रहाडी. बाहेरगावच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते, पेशव्यांच्या काळापासूनचे जमिनीतले दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवलेले असतात वरून गाड्या जातात, आणि रंगपंचमीला उकरून त्यात रंग भरतात आणि लोक धपाधप उड्या मारतात. तिवंध्याची, शनी चौकातली, दिल्ली दरवाजाची, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. हा रंग पूर्वापार फुलं उकळून करायचे. पळस त्याच सुमाराला फुललेला असतो, त्याची फुलं रात्री भिजत घातली नाही तर उकळली की केशरी रंग मिळतो, त्वचेला काही होत नाही. ते आमच्या वेळचं क्राफ्ट!

आता नवरात्र येतंय, दसऱ्याला झेंडूचे हार सगळीकडे, आणि संध्याकाळी फुलबाजारात भाव असा पडतो की ढीगच्या ढीग तसाच टाकून जातात. दुसऱ्या दिवशी दारावरचं तोरण उतरवलं की फेकू नका. पाकळ्या ओरबाडून वाळवून बरणीत भरा. रंगवायचं सुती कापड आधी स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, नाहीतर रंग धुण्यात निघून जातो. मग झेंडूचं उकळलेलं पाणी गाळून त्यात कापड टाकून मंद आचेवर. पिवळाधमक होतो. देवाचं तोरण म्हणून आईंनाही बरं वाटेल, पायदळी गेलं नाही.


खडूस_नाशिककर

निर्माल्याचं पण चालेल का? आमच्याकडे रोज पिशवीभर निघतं आणि घंटागाडीवाला वेगळं घेत नाही. फक्त त्याला हळद-कुंकू लागलेलं असतं.


गंगेवरची

हळद लागलेली असेल तर रंग अजून पिवळा होईल, पण हळदीचा रंग उन्हात उडतो, झेंडूचा राहतो. कुंकू लागलेलं बाजूला काढा. आणि हार असेल तर दोरा, जर, चमकी आधी सोडवा. गंगेत तर टाकूच नका, एवढं केलंत तरी पुष्कळ.


शिफ्टवाला_पाथर्डीफाटा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, घरी वाचन झालं, आईला गंगेवरच्या ताई फारच आवडल्या. शेवंती कालपासून फ्रिजच्या खोक्यात. मोगऱ्याचे फोटो आता पुढच्या वर्षी, पण सदाफुलीवर प्रयोग केला, उजेड खाली ओढल्यावर मधला लाल ठिपका पहिल्यांदा दिसला. काका, गावठी गुलाबाची छाटणी कधी करू? नेटवर कुणी सप्टेंबर म्हणतं कुणी डिसेंबर.


कुंडीवाले_काका

पाऊस पूर्ण थांबल्यावर, म्हणजे आपल्याकडे दसऱ्यानंतर. पावसात कापलं तर काडी वरून काळी पडत खाली येते. डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या कोंभाच्या वर तिरका काप, डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा असावा, कापलेल्या जागी हळद किंवा बुरशीनाशक लावा. गावठीला कलमी गुलाबाइतकं खाली कापू नका, वरचा तिसरा हिस्सा आणि वाळक्या काड्या तेवढ्या काढा. छाटल्यापासून दीड-दोन महिन्यांनी फुलं. कलमी असेल तर खालून सात पानांची वेगळीच जोमदार फांदी येते बघा, ती खालच्या रानगुलाबाची, मुळापासून काढायची, लोक खूश होऊन ठेवतात आणि वरचं कलम मरतं.


मॅक्रोचा_किडा

रविवारी अंजनेरीला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, त्र्यंबक रोडला नंतर गर्दी होते. मी पण बहुतेक येतोय, काळी टोपी.


कागदपाकळी

गंगेवरच्या ताई, झेंडूच्या रंगात लोखंड टाकलं की हिरवट होतो ना? मला शेवाळी रंगाचा दोरा हवाय कार्ड बांधायला.


गंगेवरची

हो, गंजके खिळे व्हिनेगरच्या पाण्यात आठवडाभर ठेवा, ते पाणी चमचा-चमचा घाला, एकदम नको, काळपट होतं. भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं घ्या, लोखंडी कढईत सुरुवातीपासून केलंत तर पिवळा कधी मिळणारच नाही. आणि ते भांडं परत स्वयंपाकाला नको.